एम-वनवरून लीड्सला

"इंजिन माणसाशी कधीच खोटं बोलत नाही," असं श्रीरंगरावांनी लेस्टर सोडताना जाहीर केलं. शेफील्डच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ येऊ लागली, तेव्हाही ते खरंच बोलत होतं.

रस्ता सोपा होता: एम-वन महामार्ग धरायचा, लीड्स येईपर्यंत सोडायचा नाही. तिथे अकरा वाजता त्यांच्या बायकोच्या, मंदाताईंच्या, भावाला अग्नी देणार होते. बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही, हा आपला रिवाज गाडी बंद पडल्यावर मंदाताईंनी स्मशानातल्या साहेबाला फोनवर समजावला. त्याला फार वाईट वाटलं. पण साडेअकराला दुसरं गिऱ्हाईक होतं.

"तापमानाचा काटा लालवर गेलाय, हे मी नॉटिंगहॅमलाच म्हटलं होतं."

"वाटलं, लीड्सपर्यंत ओढेल."

"निघताना पाणी बघितलंत?"

"बघणार होतो. तू रडत होतीस."

मदतीची गाडी यायला वेळ होता. दोघं कठड्यापलीकडे गवतावर बसले आणि श्रीरंगरावांनी मोबाइलवर अंत्यविधीचं थेट प्रक्षेपण लावलं. भाच्यानं पेटीवर फुलं ठेवली. पेटी पडद्याआड सरकू लागली, तसा श्रीरंगरावांनी मोबाइल उभाच मंदाताईंपुढे धरला.

मंदाताईंनी डोळे पुसले नाहीत. "अहो, मोबाइल जरा आडवा धरा ना," त्या म्हणाल्या, "दादा अर्धाच दिसतोय."