तीन वाजेपर्यंतचे ऊन

पणजोबांनी गच्चीवर कापड वाळवण्यासाठी लाकडी सांगाडा उभारला, आजोबांनी लाकडाच्या जागी लोखंड आणले आणि वडिलांनी त्यावर पुरुषभर उंचीचा दुसरा माळा चढवला. त्या माळ्यावर आज चाळीस हात ओले लाल कापड ताणलेले होते, आणि त्याखाली रंगारीण हाताची घडी घालून शेजारच्या गच्चीकडे पाहत उभी होती.

तिथे मधोमध, तिपाईवर, सरकारी मोजणीदाराचे ऊन मोजायचे यंत्र होते. कोणाच्या छपरावर सौर पॅनेल चालेल, याचा नकाशा सरकारने विमानातून काढला होता. चालेल ते छप्पर पिवळे, न चालेल ते करडे. त्या गच्चीच्या मालकीण, शेजारच्या काकू; त्यांचे करडे आले. त्यांनी हरकत घेतली, म्हणून आज फेरमोजणी होती. अर्जाचा दिवसही आजचा, शेवटचा. नऊ ते तीन यंत्राच्या काचेवर सावली पडता कामा नये.

"ऊन मोजायला सरकारी माणूस!" सकाळी रंगारीण कठड्यावरून म्हणाली होती. "उद्या वारा मोजायला कोण येणार?"

आता दीड वाजला होता आणि तिला हसू येत नव्हते. तिच्या माळ्याची सावली कठडा ओलांडून यंत्रापासून दोन हातांवर पोचली होती.

काकूंच्या जिन्याच्या उघड्या दारातून त्यांच्या आजारी नवऱ्याच्या, काकांच्या, श्वासाच्या यंत्राची घरघर वर येत होती. गेल्या आठवड्यात दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा रंगारीण धावत गेली होती आणि दोन्ही वेळा तिने काकांचे ओठ निळे पडलेले पाहिले होते. जन्मभर निळीत हात घालूनही तसला निळा रंग तिने कधी पाहिला नव्हता. पॅनेल आणि बॅटरी मिळाली, तर ती घरघर थांबणार नव्हती.

"ताई, वरचा माळा उतरवता येईल का?" मोजणीदाराने विचारले. "पण एकदा उतरवलात की परत चढवता येणार नाही. तशी सही द्यावी लागेल."

"तिला काही सांगू नका," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिचं कापड ओलं आहे."

ओले कापड हलवले की रंग पळतो, हे काकूंना ठाऊक होते. सव्वीस वर्षांपूर्वी रंगाऱ्यांच्या गच्चीचा स्लॅब नव्याने घातला, तेव्हा चाळीस दिवस त्यांचे सगळे कापड काकूंच्या गच्चीवर वाळले होते. "उन्हाचं कसलं भाडं?" एवढेच काकू तेव्हा म्हणाल्या. पुढच्याच वर्षी वडिलांनी माळा चढवला आणि काकूंची दुपार गिळली. काकूंनी चकार शब्द काढला नाही. त्या चाळीस दिवसांत त्यांच्या गच्चीच्या फरशीवर पडलेले लाल डाग मात्र त्यांनी कधी घासले नाहीत. रोज कापड चढवताना रंगारणीला ते दिसत आणि रोज ती मान फिरवी. काकूंनी मागितले असते, तर ती केव्हाच फेडून मोकळी झाली असती.

सावली यंत्रापासून वीतभर उरली. मोजणीदाराने पेनाचे टोपण काढले.

"पेन खाली ठेवा!" रंगारीण कडाडली. मग तिने आपल्या दोन्ही कामगारांना हाक मारली. "वर चढा. कापड सोडा आणि पान्हा घ्या."

"बाई, अजून ठिबकतंय! सगळा रंग पळेल. आणि माळा गेला की निम्मं काम—"

"तुझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त रंगवलंय मी. चढ!"

कापड धपकन खाली आले. तीन बोल्ट सुटले. चौथा गंजला होता. पान्हा दोनदा निसटला. सावली तिपाईच्या पायाला लागली आणि वर चढू लागली. काकूंनी कठडा घट्ट धरला. रंगारणीने हातोडा उचलला, स्वतः शिडी चढली आणि वडिलांनी आवळलेल्या त्या बोल्टवर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला तो तुटला.

आडवा बार कलला. सावली काचेच्या बोटभर खालून सरकली आणि नाहीशी झाली.

तीन वाजता मोजणीदाराने 'पात्र' असे लिहिले. रंगारणीने कठड्यावर कागद ठेवून सही केली. सहीशेजारी तिच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला. मागे चाळीस हात कापड डागाळून पडले होते. तिने तिकडे वळून पाहिले नाही.

काकू आत गेल्या. परत आल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात घासणी. त्यांनी गुडघे टेकले आणि पहिल्या डागावर पाणी ओतले.

"राहू द्या हो काकू," रंगारीण म्हणाली. "सव्वीस वर्षांचे डाग ते. आता कसले निघतायत?"

"निघतील," काकू घासता घासता म्हणाल्या. "आता निघतील."