हंडी रिकामी का झाली नाही

खाटकाने कवटी उलटी केली, मागच्या भोकात अंगठा घालून पाहिला आणि म्हणाला, "हातोडा. बसलेल्या माणसाला, मागून. एका फटक्यात खलास."

हाडबाईने लिहून घेतलं. संग्रहालयात तिला सगळे हाडबाईच म्हणत, अगदी तोंडावर. जुनी हाडं वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण या हाडांवरच्या खुणा तलवारीच्या नव्हत्या, म्हणून तिने बाजारातल्या सर्वांत जुन्या खाटकाला बोलावलं. त्याला आधी थट्टाच वाटली. तरी आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला.

किल्ल्याच्या स्वयंपाकघराची फरशी उकरताना बारा सांगाडे सापडले होते. तीनशे वर्षांपूर्वी तिथे सात महिने वेढा पडला होता. धान्य संपलं, घोडे संपले, उंदीरही संपले. उरले मूठभर शिपाई, एकोणीस पोरं आणि त्यांना रांधून घालणारी एक लंगडी बाई. तिची हंडी म्हणे शेवटपर्यंत रिकामी झाली नाही. शत्रूने दरवाजा फोडला तेव्हा एकोणीसच्या एकोणीस पोरं जिवंत होती आणि बाई कुठेच नव्हती. वाफ होऊन गेली, असं लोक सांगत. तीच हंडीआई. चौकात तिचा काठी टेकलेला पुतळा आहे.

त्या एकोणिसांत हंडीआईची धाकटी मुलगी होती, आणि हाडबाईचं घराणं तिचं. हाडबाईच्या वडिलांनी याच संग्रहालयात चाळीस वर्षं शाळेच्या पोरांना ही गोष्ट सांगितली. उद्या नव्या दालनाची फीत तेच कापणार होते. आत्ताही ते बाहेरच्या बाकावर बसून भाषण पाठ करत होते. सकाळी त्यांनी लेकीला बजावलं होतं, जे निघेल ते लिही, माझं तोंड बघून खाडाखोड करू नकोस. वाईट काही निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दुपारपर्यंत अकरा सांगाडे झाले. अकराही पुरुष. अकराही कवट्यांना मागे एकच भोक, एकाच मापाचं. खांदा, गुडघा, खुबा, जिथे तिथे सांध्याच्या बरोबर फटीत सुरी गेलेली, एकेक बारीक चीर, दुसरा वार नाही. लांब हाडं आतल्या मज्जेसाठी उभी फोडलेली. तुकड्यांची टोकं भांड्यात उकळून उकळून गुळगुळीत झालेली.

"सगळं एकाच हाताचं काम आहे," खाटीक म्हणाला. त्याच्या आवाजात नकळत आदर आला होता. "ही फट सापडायला मला चार वर्षं लागली, ताई. बापाचा मार खाऊन शिकलो."

माणसं आधीच मेलेली असतील, असं हाडबाईने सुचवून पाहिलं. तिला तसं हवं होतं. खाटीक उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि तिला वहीवर वाकायला सांगितलं. ती वाकली. त्याने मूठ तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला नुसती टेकवली.

"माणूस ताटावर वाकला की ही जागा उघडी पडते. मेलेल्याला कोण कशाला जेवायला बसवेल?"

हाडांची हाडबाईला किळस नव्हती. लहानपणी दर वर्षी त्या पुतळ्याच्या पायाशी उभं राहून तिने फोटो काढून घेतला होता, त्याची किळस आली. तिने अहवालात लिहिलं: अकरा जणांना जेवायला बसवून ठार मारले. मग बाहेर जाऊन तिने वडिलांना तेच सांगितलं, अगदी सरळ. लपवून ठेवलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता.

वडिलांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"पोरांना हेच घातलं?"

"हो, बाबा."

"उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलाव," ते म्हणाले आणि बाकाचा आधार घेत उठले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. ते जिना उतरून गेले.

ती आत आली तेव्हा खाटीक बाराव्या सांगाड्यापाशी होता. हा बाईचा. डावा गुडघा कधीतरी मोडून वाकडाच जुळून आलेला. हाडबाईने एकदाच पाहिलं आणि ती खाली बसली. वाफ कसली, बाई इथेच होती, त्या अकरांच्या शेजारी. हिचीही कवटी फुटलेली, हिचीही हाडं उकळलेली.

म्हणजे कुणीतरी सूड घेतला, ती म्हणाली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

भिंग घेऊन खाटीक कवटीवरून खांद्यावर आला, गुडघ्यावर गेला, पुन्हा कवटीवर आला.

"नऊ घाव आहेत. समोरून. एकातही जोर नाही. हात पोरांचे आहेत, ताई."

"बांधून मारलं?"

"बांधलेलं जनावरसुद्धा मान फिरवतं. हे नऊच्या नऊ एका जागी आहेत. ही हललीच नाही." त्याने भिंग खाली ठेवलं. "आणि सांधे बघा. जोर नाही म्हणून एकेका ठिकाणी दहा-दहा वेळा सुरी ओढली आहे. पण फट एकदासुद्धा चुकलेली नाही. पोरांना ती आधी कुणीतरी बोट लावून दाखवली होती. आणि त्या किल्ल्यात ती फट ठाऊक असलेलं माणूस एकच होतं."