वर्षाच्या आत

इंद्रायणीवन्संनी रेनकोटची पँट दोन बोटांनी उचलून धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

"ही आपल्या देवदत्तची ना गं?"

"त्यांचीच. कमरेत घेतली आणि नाडी घातली," पद्मजा म्हणाली. "बर्फात पडलं तर आतले कपडे भिजायला नकोत."

"पडलं तर?"

"पहिले दोन दिवस पडायलाच शिकवतात, वन्सं."

वन्संनी धाकट्या भावाकडे पाहिलं. बाळूभाऊजींनी पंख्याकडे पाहिलं. दोघं बहीण-भाऊ सकाळच्या एसटीनं माढ्याहून आले होते ते देवदत्तच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला. होळी झाली की वर्ष भरत होतं. आणि इथं दिवाणावर हा सगळा पसारा! चोपन्न वर्षांची विधवा भावजय पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला निघालेली. मनालीजवळ नवशिक्यांचं शिबिर होतं आणि परवा गाडी होती.

"वर्षाच्या आत अंगाला नवं कापड लावायचं नाही, हे तुला मी सांगायला हवं?"

वन्सं फसल्या त्या इथं. पद्मजा कधीपासून याच प्रश्नाची वाट बघत होती.

"यात नवं काय आहे, दाखवा की."

वन्सं शोधायला बसल्या. जाकीट पुण्याच्या एका मुलीनं वापरून विकायला काढलेलं. बाहीवर तिच्या चहाचा डागसुद्धा होता. आतून घालायचे गरम कपडे ती आणि देवदत्त बद्रीनाथला गेले होते तेव्हाचे. हातमोजे शेजारच्या सावित्रम्मांच्या फौजी जावयाचे. स्की, काठ्या, बूट, हेल्मेट सगळं तिथंच भाड्यानं मिळणार होतं. नवशिक्यानं ते विकत घेऊ नये, हे तिनं शिबिरवाल्यांना फोन करकरून पक्कं केलं होतं. स्कार्फ तर रोजचाच. सोलापूरच्या उन्हात नाक-तोंड गुंडाळून गाडी चालवणाऱ्या बाईला बर्फावरचं ऊन काय घाबरवणार! अडलं होतं ते मोज्यांपाशी. सुती मोजे भिजले की पाय गारठतात. मग तिनं देवदत्तचा जुना लोकरी स्वेटर उसवला आणि त्याचेच मोजे विणले.

वन्संनी मोजे उलटे करून पाहिले. लोकर ओळखीची निघाली. त्यांनी ते जोडीनं खाली ठेवले.

तयारीही अशीच घरच्या घरी झाली होती. ती रोज जिना आडवी चढायची, एकेक पाऊल बाजूला टाकत. बर्फाचा चढ असाच चढतात म्हणे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवाचून बसायची. पहिल्या दिवशी मांड्या थरथरल्या आणि ती धपकन खाली आली. फरशीवर बसूनच तिला हसू फुटलं. त्या घरात कुणीतरी हसल्याला किती महिने झाले होते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मग ती तिथंच बसून भरपूर रडली, आणि उठून पुन्हा भिंतीला टेकली.

"आणि लोक काय म्हणतील?" वन्संनी दुसरी बाजू धरली.

"म्हणू देत. मी तिकडं असेन. ऐकायला तुम्ही आहात की."

बाळूभाऊजींना खोकला आला. वन्संचे डोळे मात्र भरून आले, आणि ते पाणी खोटं नव्हतं. देवदत्तला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

"पद्मजा, तुला त्याचं काहीच वाटत नाही का गं?"

पद्मजाचा पिशवीत भरता हात थांबला.

"अजून भाजीत मीठ कमी घालते मी. ब्लडप्रेशर त्यांना होतं, मला नाही. एकटीपुरती भाजी करते आणि अळणी खाते. काय वाटतं ते मला विचारू नका, वन्सं. बर्फात गेले म्हणून ते कमी व्हायचं नाही, आणि इथं बसून राहिले म्हणून वाढायचंही नाही."

शेवटी बाळूभाऊजींनीच तोड काढली. माणूस मनानं वाईट नव्हता.

"वहिनी, जाऊ नका असं कोण म्हणतंय? फक्त दीड महिना कळ काढा. वर्ष होऊ दे, मग आहेच की सगळं. तुमच्या घरी सण नाही तर आम्हालाही लई चुकल्यासारखं झालं बघा. इथल्या गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी तुमच्याकडं असतो, यंदा पहिल्यांदा लॉजवर उतरलो. पाडव्याला सगळे इथंच, पुरणपोळीला. मग आमच्या अक्षताचं लग्न. त्यात तर तुमच्याशिवाय पान हलायचं नाही."

"मांडवात, भाऊजी? की कोठीत?"

बाळूभाऊजींनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. विधवा बाईनं मांडवात पुढं यायचं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. कोठीत आणि चुलीपाशी मात्र तिला कसलीच आडकाठी नव्हती.

वन्संनी समजुतीचा सूर लावला. "अगं, पण हेच पुढच्या वर्षी केलंस तर काय बिघडतं? वर्षाच्या आतच कशाला हवं?"

पद्मजानं पिशवीची चेन ओढली. अडकली, तशी गुडघा टेकवून पुन्हा ओढली.

"कारण तुम्ही ज्याला दुखवटा म्हणता ना वन्सं, ती माझी लग्नानंतरची पहिली सुट्टी आहे, आणि ती दीड महिन्यात संपतेय."