सुटलेली लेस

"बाबा, लेस सुटली." लेकीनं चढावर पुन्हा फतकल मारली.

खिंड अजून बरीच वर होती आणि ढग खाली उतरत होते. बाबानं पाठीवरचं ओझं टेकवलं आणि वाकून लेस बांधली. "हिच्यामुळे आज अंधारात तंबू ठोकावा लागणार," तो वैतागून म्हणाला. मागून धाकट्याला पाठीवर घेऊन आई आली आणि दगडावर टेकली.

"दमलीस का?" त्यानं विचारलं.

"छे. चला तुम्ही."

पुढच्या वळणावर लेस पुन्हा सुटली. या खेपेला बाबानं गाठीवर गाठ मारली आणि उरलेली टोकं बुटात खोचली. "आता बघतो कशी सुटते ते."

थोडं वर गेल्यावर त्यानं मागे पाहिलं. लेक वाटेतच बसली होती आणि गारठलेल्या बोटांनी गाठ उकरत होती. डोळे भरून आले होते.

"अगं, सुटू नये म्हणूनच बांधली ना?"

तिनं खाली पाहिलं. आई दर पावलाला गुडघ्यावर हात टेकत वर येत होती.

"मग आता आई बसणार कधी?"