आपल्या भाषेतला निकाल

“तू जरा गप्प बैस रे बाबा, मी हिला विचारतेय,” थोरली जाऊ न्यायाधीशांना म्हणाली, आणि भर कोर्टात हशा पिकला.

शेवटच्या बाकावरचा दुभाष्या मात्र हसला नाही. बावीस वर्षं त्याने या कोर्टात साहेबांचं बोलणं लोकांना आणि लोकांचं बोलणं साहेबांना सांगितलं होतं. परके साहेब बोटीत बसून गेले, त्यांच्या खुर्चीत आपला माणूस आला, पण तोही बोलायचा साहेबांच्याच भाषेत. त्यामुळे दुभाष्याचं बरं चाललं होतं. आणि मग वरून हुकूम आला. आजपासून कोर्टाचं काम आपल्या भाषेत, दुभाष्याचं पद महिनाअखेर बंद. बावन्नाव्या वर्षी आता करायचं काय? एकाचं बोलणं दुसऱ्याला जाऊन सांगणं एवढीच त्याची विद्या, आणि ते काम आळीतल्या बायका फुकट करत होत्या.

खटला दोन जावांचा होता. धाकटीच्या मोरीचं पाणी थोरलीच्या दारात साचायचं, एवढंच. मागच्या महिन्यात हा खटला अर्ध्या तासात मिटला असता. न्यायाधीश काहीतरी लांबलचक बोलले असते, लोकांनी माना खाली घातल्या असत्या, दुभाष्याने निकाल सांगितला असता आणि दोघी मुकाट्याने घरी गेल्या असत्या.

आज मात्र न्यायाधीशांनी घसा खाकरून आपल्या भाषेत विचारलं, “बाई, तुमचं म्हणणं काय आहे?”

झालं! थोरलीने धाकटीच्या लग्नापासून सुरुवात केली. धाकटीने मधेच तोंड घातलं. बाकांवरचे लोकही सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं मोरी बुजवा, कुणी म्हणालं दिराला बोलवा, त्याच्याशिवाय या दोघी आवरायच्या नाहीत.

“शांतता राखा!” न्यायाधीश ओरडले.

“मी कुठे ओरडतेय? तुम्हीच ओरडताय,” धाकटी म्हणाली.

“मोरीचं तोंड पंधरा दिवसांत मागच्या बाजूला काढा. हा माझा निकाल आहे!”

“अगं बाई! निकाल म्हणे!” धाकटीने कमरेवर हात ठेवले. “माझे सासरे सांगून सांगून थकले, आता हे आले सांगायला.”

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. दांडा हातात राहिला आणि हातोडा टेबलाखाली गेला. तो शोधायला तिघेजण वाकले. मग मात्र न्यायाधीशांचा तोल सुटला. ते ताडकन उभे राहिले आणि साहेबांच्या भाषेत एका दमात तीन वाक्यं कडाडले.

सगळं कोर्ट चिडीचूप. धाकटीचे हात कमरेवरून आपोआप खाली आले. माणसं उठून उभी राहिली आणि वळून दुभाष्याकडे बघू लागली.

दुभाष्याने ऐकलं होतं ते असं: दोन चमचे जेवणानंतर. घेण्यापूर्वी बाटली हलवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हे तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं! बिचाऱ्यांना संतापाच्या भरात कायद्याचं एकही वाक्य आठवलं नव्हतं. चार दिवस उशाशी असलेल्या बाटलीवरचं तेवढं तोंडात आलं. न्यायाधीशांचे कान लाल झाले होते आणि ते दुभाष्याकडे असं बघत होते, की दुभाष्याला त्यांची दया आली. स्वतःची तर आधीपासूनच येत होती. त्याने कोटाची बटणं लावली आणि तो पुढे आला.

“हुजूर फर्मावतात,” त्याने आपला ठेवणीतला आवाज काढला, “की धाकट्या बाईंनी मोरीचं तोंड पंधरा दिवसांच्या आत मागच्या बाजूला काढावं. कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांना त्या स्वतः जबाबदार राहतील.”

धाकटीने पदर सावरला. “काढते की. आधीच असं नीट सांगितलं असतं तर वाद कशाला झाला असता?”

दुपारी न्यायाधीशांनी त्याला खोलीत बोलावलं. बाटलीचा विषय दोघांनीही काढला नाही. न्यायाधीशांनी सरकारला लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. तो अर्थातच साहेबांच्या भाषेत होता. लोकांना अद्याप आपली भाषा समजत नाही, सबब ती समजू लागेपर्यंत दुभाष्याचं पद चालू ठेवणं अत्यावश्यक आहे.

दुभाष्या तरंगतच बाहेर आला. पायऱ्यांवर थोरली बसली होती. तिने त्याला हात करून थांबवलं.

“काय हो भाऊ, ते दोन चमचे जेवणाआधी म्हणाले की नंतर?”

दुभाष्याने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “मावशी... तुम्हाला येते ती भाषा?”

“तीस वर्षं साहेबांची पोरं सांभाळली मी. बाटली हलवायची राहिली की मडम असली खेकसायची!”

गेली नोकरी, त्याला वाटलं. “मग तिथं बोलला का नाहीत?”

“कशाला बोलू? हाच निकाल त्यांनी आपल्या भाषेत दिला, तेव्हा ऐकला का हिने?” थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “पण भाऊ, तुम्ही दुसरं काम बघून ठेवा हो. धाकटीची पोरगी यंदा शाळेत साहेबांची भाषा शिकतेय.”