साठ खुर्च्या

साठ खुर्च्या मांडून झाल्या आणि अनुराधाने विकल्या गेलेल्या तिकिटांची यादी पाहिली. चार. त्यातलं एक पुस्तकं विकायला येणाऱ्या दुकानाच्या मॅनेजरचं.

कार्यक्रमाला तीन तास होते. बीजिंगहून मेइलिन आली होती. तिकडच्या टीव्हीवरची लाडकी निवेदिका. तिच्या आत्मचरित्राच्या म्हणे लाखो प्रती खपल्या, सहीसाठी लोक रस्त्यापर्यंत रांग लावतात. २००६ साली एडिनबरात ते पुस्तक इंग्रजीत आणायची हौस एका छोट्याशा प्रकाशनाला, म्हणजे खरं तर तिथे काम करणाऱ्या अनुराधालाच. बोलावलंही तिनेच. आता एवढ्या लांबून आलेल्या बाईने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून वाचायचं?

अनुराधाने नंदाकाकूंना फोन लावला. "काकू, प्लीज, जमतील तेवढ्यांना घेऊन या. पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. फक्त बसा आणि टाळ्या वाजवा."

नंदाकाकूंनी इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली. त्यांनी सांगितल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दोन वाजता झाडून सगळं मराठी मंडळ हजर. दोघीतिघी तर चक्क पैठणी नेसून. शशिधररावांनी पहिल्या रांगेत बसून भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही वाजवल्या. मेइलिन गोड हसत वाचत राहिली. तिला कळलं नाही म्हणजे मिळवली, असं म्हणत अनुराधा मागे भिंतीला टेकून उभी होती.

वाचन संपलं आणि सगळ्यांनी पुस्तकं घेतलीच. घेऊ नका म्हटलेलं ऐकतील तर ती आपली माणसं कसली! मेइलिन मान वर न करता भराभर सह्या करत होती. काकूंची पाळी आली. त्यांनी पुस्तक पुढे केलंच नाही, तिच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"हात थरथरतोय तुझा," काकू म्हणाल्या. बोलल्या इंग्रजीत, पण सूर घरचाच. "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

मेइलिनने पेन खाली ठेवलं. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या अनुराधाकडे पाहिलं.

"हा हॉल तू भरलास ना?"

अनुराधाचं तोंड उतरलं. "सॉरी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून…"

"मला आल्या आल्या कळलं. तिकडे दर वेळी माझी टीव्ही कंपनी हॉल भरते. ती रांग, त्या टाळ्या, सगळी माणसं पैसे देऊन आणलेली." मेइलिनचे डोळे भरून आले होते. ती काकूंकडे वळली. "नाही, काही खाल्लं नाही. आणि टीव्हीवर आल्यापासून सात वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."