बंडोपंतांची टोपी

ऐन पोहे हातात असताना सेनगावची लाईट गेली आणि माणिकरावांच्या बैठकीतला पंखा गपगार झाला. अनुश्रीला बघायला आलेली हिंगोलीची मंडळी घामानं निथळायला लागली. माणिकरावांनी अंगणाकडचं दार सताड उघडलं. मुलाचे वडील बंडोपंत म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांनीही शेवटी काळी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"छंद काय मुलीला?" त्यांनी विचारलं.

अनुश्रीनं आईकडं पाहिलं. अनुसूयाबाईंनी सकाळपासून बजावलं होतं, फुलपाखरांचं नाव काढायचं न्हाई. फाल्गुन लागला की ही पोरगी तळ्याकाठच्या रुईत उकिडवी बसते आणि नवीन फुलपाखरू दिसलं की येड्यासारखी नाचते, हे कानावर गेलं आणि आधीची दोन स्थळं मोडली. त्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. पण आजचा हा मुलगा, अद्वैत, तिला आवडला होता. तिनं पाण्याचा तांब्या आणला तेव्हा त्यानं उठून हातातून घेतला होता.

"विणकाम," ती म्हणाली. आयुष्यात तिनं सुई हातात धरली नव्हती.

तेवढ्यात दारातून निळं काहीतरी आलं. होळीपासून रोज सकाळी जिच्यासाठी तिची पायपीट चालली होती, तीच ती फुलपाखरांतली निळी भिरभिरी! अंगणातल्या कढीपत्त्यावरून तरंगत आत शिरली, एक घिरटी घातली आणि सरळ बंडोपंतांच्या टकलावर उतरली.

माशी समजून त्यांनी हात उगारला.

"हलू नका!" अनुश्री ओरडली.

बंडोपंतांचा हात हवेतच राहिला. अनुसूयाबाईंनी डोळे मिटले. गेलं, हेही स्थळ गेलं.

"काय आहे?" ओठ न हलवता बंडोपंतांनी विचारलं.

"फुलपाखरू, काका! निळं! यंदा पहिल्यांदाच दिसलं!"

"ते माझ्या डोक्यावर काय करून राहिलं?"

"तुमचा घाम पिऊन राहिलं. खारट असतो न, लई आवडतो त्यांना."

अद्वैतला पोह्यांचा ठसका लागला. माणिकराव कपाळावर हात मारणार होते, पण हलायची त्यांचीही हिंमत होईना.

बंडोपंत हळूच म्हणाले, "दिसतं कसं?"

झालं! आता तिला कोण आवरणार? "पंखांवर डोळे हायेत, काका, लालसर. उघडले... मिटले... बघा, परत उघडले!" सगळे माना पुढं काढून बघायला लागले. अद्वैत ताटली ठेवून तिच्याशेजारी गुडघ्यांवर आला.

"इतक्या वर्षांत ह्यांना असं गुमान बसलेलं आजच बघून राहिले मी," त्याची आई पुटपुटली.

भिरभिरी उडाली, दारातून गेली. तेव्हा कुठं बंडोपंतांनी हात खाली घेतला.

मंडळी निघाली. 'कळवतो' हा शब्द कधी येतो म्हणून माणिकराव जीव मुठीत धरून जीपपाशी उभे होते.

"अहो, टोपी घाला," बायको म्हणाली. "ऊन केवढं आहे!"

"राहू दे." बंडोपंत अनुश्रीकडं वळले. "ते विणकामाचंही राहू दे. आमच्या हिंगोलीत असतात का गं ही?"

"असतीलच की, काका."

"मग आलीस की दाखव आमाला."

जीप सुटली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बंडोपंतांचं उघडं टक्कल खिडकीबाहेर होतं, भर उन्हात, अजिबात न हलता.